गिटारच्या ध्वनिमुद्रणातील संगणकीय भाराचे व्यवस्थापन : ॲम्प सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या संदर्भात

बीजसंज्ञा : ध्वनिमुद्रण, ॲम्प सिम्युलेशन, बफर, विलंब, नमुनादर, प्रोसेसरवरील भार, ट्रॅक फ्रीझ

प्रस्तावना :

इलेक्ट्रिक गिटारचा ध्वनी केवळ तारांपासून निर्माण होत नाही. तारांच्या कंपनामुळे पिकअपमध्ये जो विद्युत संकेत तयार होतो तो क्षीण आणि काहीसा कोरडा असतो. ॲम्प्लिफायरमधील व्हॉल्व्ह, त्यांचे विरूपण आणि लाऊडस्पीकरची लाकडी पेटी यांतून गेल्यावरच त्याला गिटार म्हणून ओळखला जाणारा भरीव नाद प्राप्त होतो. त्यामुळे ॲम्प्लिफायर हे या वाद्याचे उपकरण नसून त्याचे अर्धे अंगच आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. परंतु असा ॲम्प्लिफायर मोठ्या आवाजात वाजवून त्यासमोर मायक्रोफोन ठेवणे हे ध्वनिरोधक स्टुडिओतच शक्य होते. घरात किंवा महाविद्यालयाच्या एखाद्या खोलीत ते व्यवहार्य नव्हते.

ही अडचण संगणकाने दूर केली. १९९८ मध्ये लाइन ६ या कंपनीचे ‘ॲम्प फार्म’ हे सॉफ्टवेअर प्रो टूल्स प्रणालीसाठी उपलब्ध झाले. ॲम्प्लिफायरच्या वर्तनाचे गणित सोडविण्यासाठी त्याला संगणकात बसविलेल्या स्वतंत्र प्रोसेसर कार्डांची आवश्यकता असे. पुढे सर्वसामान्य संगणकांची क्षमता वाढली आणि ॲम्पलीट्यूब, २००४ मध्ये आलेले गिटार रिग यांसारखी सॉफ्टवेअर संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवरच चालू लागली. स्वतंत्र कार्डांचा खर्च वाचला. मात्र त्यांचे काम मुख्य प्रोसेसरच्या माथी आले. ध्वनिमुद्रण करताना कडकड असा आवाज येणे, स्वर तुटणे, सॉफ्टवेअर थबकणे अथवा तार छेडल्यानंतर स्वर उशिरा ऐकू येणे या तक्रारींचे मूळ येथे आहे.

अशा वेळी ‘संगणक जुना झाला’ असा निष्कर्ष काढून नव्या यंत्रावर खर्च केला जातो आणि अनेकदा तो दोष नव्या यंत्रावरही कायम राहतो. दोषाचे स्वरूप समजून न घेतल्याचा हा परिणाम होय. प्रस्तुत लेखात या स्वरूपाचा उलगडा करण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१. ध्वनिप्रक्रियेतील संगणकीय भार हा इतर संगणकीय कामांच्या भारापेक्षा वेगळा कसा, हे स्पष्ट करणे.
२. ॲम्प सिम्युलेशनमधील भाराची उगमस्थाने सांगणे.
३. उपलब्ध संगणकावरच हा भार आटोक्यात ठेवण्याच्या पद्धतींची कारणमीमांसा करणे.

मुदतीत पूर्ण करावयाचे गणन :

संगणकात ध्वनी हा संख्यांच्या रूपात साठविला जातो. कॉम्पॅक्ट डिस्कच्या मानकानुसार प्रत्येक सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतले जातात. हे नमुने एकेक करून प्रोसेसरकडे पाठविणे कार्यक्षम नसल्याने त्यांचे लहान लहान गट करून पाठविले जातात. अशा एका गटाला ‘बफर’ म्हणतात. १२८ नमुन्यांचा बफर असेल, तर १२८ ला ४४,१०० ने भागून सुमारे २.९ मिलिसेकंद एवढा काळ मिळतो. एक गट ध्वनिरूपाने बाहेर पडत असतानाच पुढील गटावरील सर्व गणिती प्रक्रिया पूर्ण व्हावी लागते. ती झाली नाही तर बाहेर पाठवावयास काही शिल्लक राहत नाही व ध्वनीत खंड पडतो. कानाला जाणवणारी कडकड ती हीच.

परीक्षेतील घंटा झाल्यानंतर लिहिलेले उत्तर कितीही अचूक असले तरी ते जमेस धरले जात नाही. ध्वनिप्रक्रियेतील गणनाचेही असेच असते. एखादे मोठे कोष्टक सोडविण्यास संगणकाला दहा सेकंदांऐवजी अकरा सेकंद लागले तर काही बिघडत नाही. ध्वनीच्या बाबतीत मात्र २.९ मिलिसेकंदांचे काम ३ मिलिसेकंदांत झाले तर ते झालेच नाही असे समजावे लागते. म्हणून येथे किती काम झाले यापेक्षा प्रत्येक काम मुदतीत झाले की नाही, हा प्रश्न निर्णायक ठरतो. ऐकू येणाऱ्या ध्वनीतील खंड निदान तेवढ्यापुरता असतो. परंतु आत येणाऱ्या संकेताचा गट वेळेत उचलला गेला नाही तर तेवढे वादन कायमचे नष्ट होते. उत्स्फूर्त वादन पुन्हा तसेच वाजविता येत नाही, हे लक्षात घेता ही हानी किरकोळ मानता येणार नाही.

बफर आणि विलंब यांचे नाते :

मुदत वाढविण्याचा सोपा मार्ग म्हणजे बफर मोठा करणे. ४४,१०० या नमुनादरावर विविध बफरांचा काळ पुढीलप्रमाणे येतो :

६४ नमुने : सुमारे १.५ मिलिसेकंद
१२८ नमुने : सुमारे २.९ मिलिसेकंद
२५६ नमुने : सुमारे ५.८ मिलिसेकंद
५१२ नमुने : सुमारे ११.६ मिलिसेकंद
१०२४ नमुने : सुमारे २३.२ मिलिसेकंद

परंतु ही मुदत फुकट मिळत नाही. गिटारचा संकेत आत येताना एक बफर आणि प्रक्रिया होऊन बाहेर जाताना दुसरा बफर असा दोनदा हा काळ मोजावा लागतो. त्यात ऑडिओ इंटरफेसमधील रूपांतरणाचा व यूएसबी वहनाचा थोडा काळ मिळवावा लागतो. म्हणजे १०२४ नमुन्यांच्या बफरवर तार छेडल्यापासून स्वर ऐकू येईपर्यंत ४६ मिलिसेकंदांहून अधिक काळ जातो.

या संख्येचा अर्थ अंतराच्या भाषेत चटकन उमगतो. हवेतून ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. १० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे साडेतीन मीटरांच्या आत ठेवलेल्या ॲम्प्लिफायरचा आवाज ऐकण्यासारखे आहे. रंगमंचावरील वादकाला त्याची सवय असते. ४६ मिलिसेकंद म्हणजे मात्र तो ॲम्प्लिफायर सुमारे १६ मीटर दूर, सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवल्यासारखे होते. साथीदार तबलजीला मंचाऐवजी सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसविले तर लय सांभाळणे जसे दुष्कर होईल, तशीच अवस्था वादकाची होते. उशिरा येणाऱ्या स्वराशी जुळवून घेण्याच्या प्रयत्नात त्याचा हात मंदावतो, आणि हा दोष नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्णपणे निस्तरता येत नाही.

येथे एक मूलभूत पेच दिसून येतो. वादनासाठी बफर लहान हवा, तर प्रोसेसरसाठी तो मोठा हवा. भाराचे व्यवस्थापन म्हणजे वस्तुतः या पेचाचे व्यवस्थापन होय.

भाराची उगमस्थाने :

(अ) विरूपण आणि अतिनमुनाकरण : व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचे वैशिष्ट्य त्याच्या विरूपणात असते. विरूपणामुळे मूळ स्वराच्या पटीतील अनेक उच्च स्वरांश निर्माण होतात. अंकीय ध्वनीत नमुनादराच्या निम्म्यापेक्षा अधिक वारंवारिता मांडता येत नाही; तशी निर्माण झाल्यास ती दुमडून खालच्या पट्ट्यात परतते. २४ पडद्यांच्या गिटारवरील सर्वांत उंच स्वर सुमारे १,३१९ हर्ट्झचा असतो. त्याचा ३१ वा स्वरांश ४०,८८९ हर्ट्झ इतका येतो. ४४,१०० या नमुनादरावर तो ३,२११ हर्ट्झवर प्रकट होतो. मूळ स्वराशी या वारंवारितेचे कोणतेही सांगीतिक नाते नसल्याने ती बेसूर भासते. हे टाळण्यासाठी सॉफ्टवेअर अंतर्गत नमुनादर चौपट किंवा आठपट वाढवून विरूपणाचे गणित करते आणि नंतर तो पूर्ववत करते. यालाच अतिनमुनाकरण म्हणता येईल. चौपट अतिनमुनाकरणात सेकंदाला १,७६,४०० नमुन्यांवर प्रक्रिया होते. साहजिकच त्या भागाचा भारही जवळपास त्याच पटीने वाढतो.

(आ) लाऊडस्पीकरच्या पेटीची प्रतिकृती : पेटी व मायक्रोफोन यांचा एकत्रित परिणाम एका छोट्या ध्वनिठशाच्या रूपाने साठविला जातो आणि कन्व्होल्यूशन या गणिती क्रियेने तो गिटारच्या संकेतावर उमटविला जातो. २,०४८ नमुन्यांचा ठसा असेल आणि ही क्रिया सरळ पद्धतीने केली तर प्रत्येक सेकंदाला सुमारे ९ कोटी गुणाकार करावे लागतात. १९६५ मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी मांडलेल्या जलद फूरिए रूपांतराच्या पद्धतीमुळे हे काम पुष्कळच कमी होते. तथापि ही पद्धत नमुन्यांच्या गटावर चालत असल्याने तिच्यामुळे विलंब वाढण्याचा धोका असतो. विल्यम गार्डनर यांनी १९९५ मध्ये ठशाचे लहानमोठे तुकडे पाडून विलंबाविना ही क्रिया करण्याची पद्धत सुचविली. ठसा जेवढा लांब तेवढा भार अधिक, हे सूत्र मात्र कायम राहते. पेटीचा उपयुक्त परिणाम अल्पावधीतच संपत असल्याने आखूड ठसा पुरेसा ठरतो. सभागृहाच्या प्रतिध्वनीचा ठसा कित्येक सेकंदांचा असू शकतो. तो ध्वनिमुद्रणाच्या वेळी टाळणे श्रेयस्कर असते.

(इ) न्यूरल नेटवर्कवर आधारित प्रतिकृती : अलीकडच्या काळात प्रत्यक्ष ॲम्प्लिफायरमधून संकेत पाठवून, त्यावरून न्यूरल नेटवर्क प्रशिक्षित करण्याची पद्धत रूढ झाली आहे. ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’ हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर याचे परिचित उदाहरण होय. यात प्रत्येक नमुन्यासाठी संपूर्ण जाळ्याचे गणित करावे लागत असल्याने भार मोठा असतो. म्हणूनच त्यात पूर्ण आकाराच्या प्रतिकृतींबरोबर हलक्या आकाराच्या प्रतिकृतींचीही सोय ठेवलेली आहे.

(ई) अतिसूक्ष्म संख्या : काही वेळा वादन थांबल्यावर, म्हणजे स्वर विरत असताना, प्रोसेसरवरील भार अकस्मात वाढलेला आढळतो. विरत जाणाऱ्या स्वराच्या संख्या लहान होत होत ३२ बिट पद्धतीत सुमारे १०⁻³⁸ च्याही खाली जातात. अशा संख्या हाताळण्यासाठी अनेक प्रोसेसरांना नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. इंटेलच्या पेन्टियम ४ या प्रोसेसरवर हा दोष विशेष त्रासदायक ठरला होता. आजची बहुतेक सॉफ्टवेअर अशा संख्यांना सरळ शून्य मानण्याची सूचना प्रोसेसरला देतात. जुन्या प्लग-इनमध्ये मात्र हा दोष अद्यापही उद्भवू शकतो. शांततेत भार वाढणे ही त्याची खूण होय.

सरासरी टक्केवारीची मर्यादा :

संगणकाच्या नियंत्रण फलकावर प्रोसेसरचा वापर ३० टक्के दिसत असूनही ध्वनी तुटतो, तेव्हा वापरकर्ता संभ्रमात पडतो. याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण कामाच्या विभागणीशी निगडित आहे. आजच्या प्रोसेसरमध्ये चार, आठ किंवा अधिक गाभे असतात. निरनिराळे ट्रॅक निरनिराळ्या गाभ्यांवर सोपविता येतात. परंतु एकाच ट्रॅकवरील साखळी क्रमानेच चालते : विरूपणाचे फलित हाती आल्याशिवाय पेटीची प्रतिकृती सुरू होत नाही आणि तिच्याशिवाय प्रतिध्वनी सुरू होत नाही. त्यामुळे एक गाभा पूर्ण व्यग्र आणि उरलेले सात जवळपास रिकामे, अशी स्थिती उद्भवते. सरासरी कमी दिसते; मुदत मात्र चुकलेली असते.

दुसरे कारण शिल्लक राहणाऱ्या काळाशी संबंधित आहे. उदाहरणादाखल, एकाच गाभ्यावर आठ गिटार ट्रॅक असून प्रत्येकाला १२८ नमुन्यांसाठी ०.३ मिलिसेकंद लागतात असे मानू. एकूण २.४ मिलिसेकंद होतात आणि २.९ पैकी केवळ ०.५ मिलिसेकंद उरतात. त्याच वेळी वाय-फायच्या ड्रायव्हरने ०.६ मिलिसेकंदांसाठी प्रोसेसर अडवून धरला, तर ध्वनी तुटतो. आता बफर १०२४ नमुन्यांचा केला, तर काम १९.२ मिलिसेकंदांचे आणि मुदत २३.२ मिलिसेकंदांची होते. भाराची टक्केवारी दोन्ही वेळी सुमारे ८३ हीच आहे. तरीही दुसऱ्या स्थितीत ४ मिलिसेकंद शिल्लक राहत असल्याने ०.६ मिलिसेकंदांचा व्यत्यय सहज पचतो. उलट, बफर १२८ चाच ठेवून आठपैकी सात ट्रॅक गणनेतून वगळले, तर २.६ मिलिसेकंद मोकळे होतात. व्यवस्थापनाचे सर्व उपाय याच हिशेबातून निघतात.

व्यवस्थापनाच्या पद्धती :

१) ध्वनिमुद्रण आणि संमिश्रण या अवस्था वेगळ्या ठेवणे : ध्वनिमुद्रणाच्या वेळी ६४ ते १२८ नमुन्यांचा बफर व मोजकी प्लग-इन ठेवावीत. संमिश्रणाच्या वेळी कोणी वाजवीत नसल्याने विलंबाला महत्त्व उरत नाही. तेव्हा बफर ५१२ किंवा १०२४ करून हवी तेवढी प्लग-इन वापरता येतात. एकाच मांडणीत दोन्ही कामे करण्याचा आग्रह हे बहुतेक अडचणींचे मूळ असते.

२) पूर्ण झालेले ट्रॅक फ्रीझ करणे : या क्रियेत ट्रॅकवरील सर्व प्रक्रिया एकदाच करून तिचे फलित ध्वनिफाइलच्या रूपात साठविले जाते. त्यानंतर प्रोसेसरला केवळ ती फाइल वाचावी लागते. आवश्यकता भासल्यास ट्रॅक पुन्हा पूर्ववत करता येत असल्याने यात काहीही गमवावे लागत नाही. क्यूबेस, लॉजिक, एबलटन लाइव्ह व रीपर या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. शिवाय, जे ट्रॅक आधीच मुद्रित आहेत त्यांची प्रक्रिया आगाऊ करून ठेवण्याची सोयही रीपर व क्यूबेसमध्ये आढळते. परंतु ज्या ट्रॅकवर प्रत्यक्ष वादन चालू आहे, त्याला ती लागू पडत नाही. वादकाने अद्याप न वाजविलेला स्वर संगणकाला आगाऊ हाताळता येत नाही, हे उघड आहे.

३) कोरा संकेत मुद्रित करणे : वादकाला ॲम्प सिम्युलेशनसह ध्वनी ऐकवावा, मात्र फाइलमध्ये गिटारचा मूळ संकेत साठवावा. असे केल्यास ध्वनिमुद्रणाच्या वेळी हलकी प्रतिकृती वापरून, नंतर त्याच संकेतावर अधिक अचूक व जड प्रतिकृती लावता येते. अतिनमुनाकरणही वादनाच्या वेळी कमी आणि अंतिम फाइल तयार करताना अधिक ठेवता येते.

४) एकाच प्रक्रियेची पुनरावृत्ती टाळणे : पाच ट्रॅकवर पाच स्वतंत्र प्रतिध्वनी लावण्याऐवजी एका सामायिक मार्गावर एकच प्रतिध्वनी ठेवून सर्व ट्रॅक त्याकडे वळवावेत.

५) विलंब वाढविणारी प्लग-इन दूर ठेवणे : पुढील नमुने आधी पाहून काम करणारे लिमिटर आणि रेषीय कला राखणारे इक्वलायझर स्वतःचा विलंब लादतात व त्याच्याशी मेळ घालण्यासाठी अन्य ट्रॅकही मागे खेचले जातात. बफर लहान असूनही स्वर उशिरा येत असेल, तर मुख्य मार्गावर असे प्लग-इन राहिले आहे काय, हे प्रथम तपासावे.

६) नमुनादराचा विवेक : ९६,००० या नमुनादरावर त्याच बफरचा काळ १.३ मिलिसेकंद इतका कमी होतो, पण प्रत्येक सेकंदाचे गणन ४८,००० च्या तुलनेत दुप्पट होते. अतिनमुनाकरण प्लग-इनच्या आतच होत असल्याने मर्यादित क्षमतेच्या संगणकावर ४४,१०० किंवा ४८,००० हा दर निवडणे हितावह ठरते.

७) संगणकाची पूर्वतयारी : विंडोज प्रणालीत ऑडिओ इंटरफेसच्या निर्मात्याचा एएसआयओ ड्रायव्हर वापरावा. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणलेली ही पद्धत प्रणालीतील मधले टप्पे टाळून ध्वनी थेट सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचविते. ध्वनिमुद्रणापुरते वाय-फाय बंद ठेवणे आणि वीजबचतीऐवजी उच्च कार्यक्षमतेची योजना निवडणे हेही उपयुक्त ठरते. लॅपटॉप बॅटरीवर चालत असताना अथवा तापल्यावर प्रोसेसर आपला वेग आपोआप कमी करतो. सकाळी सुरळीत चाललेला प्रकल्प दुपारी तुटू लागतो, यामागे हे कारण असू शकते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात किंवा वीज गेल्यावर काम चालू ठेवणाऱ्यांनी ही बाब विशेष ध्यानात घ्यावी.

थेट श्रवणाच्या पर्यायाची मर्यादा :

बहुतेक ऑडिओ इंटरफेसमध्ये आत येणारा संकेत संगणकाकडे न वळविता सरळ हेडफोनला देण्याची सोय असते. गायनासाठी हा उत्तम पर्याय आहे, कारण त्यात जाणवण्याइतका विलंब नसतो. गिटारच्या बाबतीत मात्र वादकाला कोरा संकेतच ऐकू येतो. विरूपित स्वर दीर्घकाळ टिकतो, तळहाताने दाबलेल्या तारेचा आघात वेगळा उमटतो. या प्रतिसादानुसार वादक बोटांचा जोर आणि स्वराची लांबी ठरवीत असतो. तो प्रतिसाद काढून घेतल्यास मूळ वादनच बदलते. म्हणून या पर्यायाकडे अखेरचा उपाय म्हणून पाहावे. ॲम्प्लिफायरची प्रतिकृती स्वतःच्या प्रोसेसरवर साकारणारे स्वतंत्र उपकरण उपलब्ध असल्यास हा भार संगणकाबाहेर नेता येतो. मात्र त्याचा खर्च वेगळा असतो.

निष्कर्ष :

१. ॲम्प सिम्युलेशनमधील भार हा मुदतीचा प्रश्न आहे. प्रोसेसरच्या वापराची सरासरी टक्केवारी त्याचे विश्वसनीय माप ठरत नाही.
२. बफर लहान ठेवणे ही वादकाची गरज असल्याने, वादनाच्या वेळी बफर वाढविण्याऐवजी अन्य काम कमी करणे हा योग्य क्रम होय.
३. फ्रीझ करणे, कोरा संकेत मुद्रित करणे आणि अवस्था वेगळ्या ठेवणे या तीन सवयींना कोणताही खर्च येत नाही आणि त्यांनी ध्वनीच्या अंतिम गुणवत्तेतही उणेपणा येत नाही.
४. नवा संगणक घेण्यापूर्वी दोष एका साखळीच्या लांबीत आहे, ड्रायव्हरच्या व्यत्ययात आहे की उष्णतेत, हे तपासणे आवश्यक आहे. अधिक गाभ्यांचा प्रोसेसर यांपैकी कोणताही दोष आपोआप दूर करीत नाही.

समारोप :

संगीत विभागातील विद्यार्थी आज साध्या लॅपटॉपवर आपले वादन मुद्रित करू शकतो, ही तंत्रज्ञानाची मोठी देणगी आहे. यंत्राच्या मर्यादेमुळे त्याचा हात अडखळला, तर तो दोष स्वतःच्या रियाझाचा मानून तो निराश होण्याचा संभव असतो. लयीतील चूक वादकाची की विलंबाची, हे ओळखण्याची दृष्टी त्याला देणे, हे अध्यापकाचे काम आहे. त्यासाठी संगणकशास्त्राचे सखोल ज्ञान आवश्यक नाही. बफरला नमुनादराने भागून येणारी एक छोटी संख्या आणि त्या मुदतीत किती काम मावते याचा हिशेब, एवढे पुरेसे आहे.